शिपायाचे पान

दीक्षितपुरा, जबलपूर
ता. ४ जुलै १९३८

रा. रा. हेडमास्तर, प्राथमिक शाळा, बोरटेक (कन्हान नदी, कामठीजवळ) यांस
स. न. वि. वि.

माझ्या आत्याने रविवारपासून औषध बंद केले आहे, म्हणून हे पत्र. एरवी अनोळखी माणसांना पत्रे लिहिण्याची मला हौस नाही.

आत्याचे नाव अंजनी. वय बहात्तर. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आली, ती आमच्याच घरी राहिली. तिचे म्हणणे एकच आहे. येत्या पितृपक्षात तिच्या वडिलांच्या नावाने पान वाढले गेले पाहिजे, आणि तसे वचन मिळेपर्यंत ती डॉक्टरांच्या बाटलीला हात लावणार नाही. तिची छाती अशक्त आहे आणि डॉक्टर रोज मला रागावतात.

तिचे वडील म्हणजे माझे आजोबा, चिंतामणी दळवी. कामठीच्या छावणीत शिपाई होते. १८६६ सालच्या पावसाळ्यात रजा घेऊन जबलपूरला आले, नुकत्याच जन्मलेल्या मुलीचे, म्हणजे आत्याचे, बारसे केले आणि पोळ्याच्या आठवडाभर आधी पायी परत निघाले. तेव्हा या रस्त्याला रेल्वे नव्हती. दोन महिन्यांनी पलटणीकडून घरी विचारणा आली की तुमचा मुलगा कुठे लपवला आहे. पणजोबा मानी होते. मुलगा पलटणीतून पळाला असे त्यांनी धरले, नर्मदेवर जाऊन त्याच्या नावाचा घडा फोडला, आणि तो घराला मेला असे जाहीर केले. ज्याचा असा घडा फोडला त्याला श्राद्ध नाही. तिथी ठाऊक नसलेल्यांना सर्वपित्रीला पान मिळते, तेसुद्धा नाही.

मी स्वतः या पिंडपानाच्या भानगडीत पडत नाही. मी १९०६ साली बी. ए. झाले, अठ्ठावीस वर्षे मुलींच्या शाळेत शिकवले, त्यातली शेवटची अकरा हेडमिस्ट्रेस म्हणून. मला पिंडाचे काही वाटत नाही, पण न तपासलेल्या आरोपाचा संताप येतो. माझा भाऊ श्यामसुंदर इथल्या तोफगाड्यांच्या कारखान्यात हेडक्लार्क आहे. पान वाढायचे ते त्याने. तो म्हणतो, "दीदी, पळपुट्याचं पान मी वाढणार नाही. पुरावा आण, मग बोलू." ठीक आहे. पुरावा आणू.

पलटणीच्या जुन्या दप्तराला मी मार्चमध्ये लिहिले. जूनमध्ये तीन ओळी आल्या. रजा १५ सप्टेंबर १८६६ पर्यंत. हजर झाला नाही. नाव कापले.

अठ्ठावीस वर्षांचा धडधाकट माणूस भर पावसाळ्यात, रहदारीच्या रस्त्यावर नाहीसा होतो. तो एक तर पळाला असेल, नाही तर नदीने नेला असेल. पहिली गोष्ट सगळ्यांनी बहात्तर वर्षे मानली. दुसरी कोणी तपासली नाही. म्हणून जबलपूर ते कामठी रस्त्यावरच्या सात घाटांजवळच्या सात शाळांना मी हेच पत्र लिहिले आहे. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. एखादा दगड, समाधी, आठवण, काहीही असेल तर कळवा. उत्तरासाठी तिकीट लावलेले पाकीट सोबत आहे. ते दुसऱ्या कामाला वापरू नये.

आपली
शरयू दळवी


बोरटेक
ता. १५ जुलै १९३८

श्री. बाईसाहेब यांचे सेवेशी
सा. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. उत्तराला उशीर झाला याची माफी असावी. आमच्या शाळेचे छत यंदा फार गळून राहिले आहे. एकेचाळीस मुले दोन कोपऱ्यांत बसवावी लागतात, आणि तिसरी इयत्ता तर माझ्या टेबलाखालीच म्हणा ना. त्यात मीच एकटा मास्तर.

आपण लिहिल्याप्रमाणे चौकशी केली. असा कोणी शिपाई इथे आल्याचे कोणालाही ठाऊक नाही. कन्हान पावसाळ्यात फार पसरते आणि पूल होण्याच्या आधीची गोष्ट सांगणारे आता कोण उरले? दगड नाही, समाधी नाही.

एक घर तेवढे पितृपक्षातल्या चतुर्दशीला कोण्या वाटसरू शिपायाच्या नावाने पान वाढते. गाव त्याला 'शिपायाचं पान' म्हणते. त्या दिवशी अर्धा गाव तिथे जेवतो आणि मलाही शाळेला सुटी द्यावी लागते. पण अशा गोष्टी प्रत्येक गावात असतात. त्याचा आपल्या कामाशी संबंध नसावा.

आत्याबाईंना सांगावे की औषध काहून बंद करता? औषध घ्यावे. पान काय, ते ज्याच्या नशिबात असेल त्याला कुठे ना कुठे मिळतेच.

आपला नम्र
तुळशीराम नागपुरे
हेडमास्तर


जबलपूर
ता. २१ जुलै १९३८

रा. रा. तुळशीराम नागपुरे यांस
स. न. वि. वि.

सात हेडमास्तरांपैकी सहा जणांनी उत्तर दिले नाही. हे लोक मुलांना पत्रलेखन शिकवतात. तुम्ही दिलेत, त्याबद्दल आभार. आभार इथे संपले.

उत्तरपत्रिका तपासण्यात माझे आयुष्य गेले आहे. ज्या मुलीला उत्तर येत नसते ती दोन ओळी लिहून थांबते. ज्या मुलीला येत असते पण सांगायचे नसते, ती छताच्या गळतीपासून सुरुवात करते.

'शिपायाचं पान' चतुर्दशीला वाढतात असे तुम्ही लिहिलेत. मी आमच्या भटजींना विचारले की त्या चतुर्दशीला कोणाचे श्राद्ध करतात. ते म्हणाले, ज्याचा शस्त्राने मृत्यू झाला त्याचे. तर आता पाहा. तुमच्या गावात एक शिपाई शस्त्राने मेला. तिथे लढाई नव्हती. म्हणजे वाटेने जाणाऱ्या माणसावर कोणी तरी हत्यार चालवले, त्याचे सामान घेतले, आणि ज्या घराने हे केले ते घर भीतीने आजपर्यंत त्याला जेवू घालते आहे. आणि तुम्ही मला लिहिता, संबंध नसावा.

ते घर कोणाचे? तिथल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाचे नाव काय? त्या शिपायाची कोणती वस्तू गावात आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे मला परतीच्या टपालाने हवी आहेत. न मिळाल्यास मी नागपूरच्या डेप्युटी कमिशनरसाहेबांना लिहीन. जुना गुन्हा म्हणून तो गुन्हा राहत नाही असे नाही.

शरयू दळवी


जबलपूर
ता. १६ ऑगस्ट १९३८

रा. रा. तुळशीराम नागपुरे यांस
स. न. वि. वि.

सव्वीस दिवस झाले. उत्तर नाही.

डेप्युटी कमिशनरसाहेबांचे पत्र मी लिहिले. पाकिटात घातले, पत्ता घातला. टाकले मात्र नाही, कारण ते आत्याच्या उशीखाली आहे. काय झाले ते सांगते.

मी पाकीट घेऊन निघाले होते. आत्या पडवीत बसली होती. तिने विचारले, "कोणाला पकडवून राहिली आता?"

म्हटले, "ज्यांनी तुझ्या वडिलांना मारले त्यांना."

"अच्छा? मग काय, तो येईल पानावर जेवायला?"

"प्रश्न न्यायाचा आहे, आत्या."

"न्याय तू कर तुझ्या शाळेत. सत्तर वर्षं ज्या घरानं त्याला जेवू घातलं, त्या घराच्या दारी शिपाई पाठवून राहिली? चलो, दे इकडे ते पाकीट."

मी अकरा वर्षे एक शाळा चालवली. माझ्या हातातून कागद कोणी काढून घेतलेला नाही. तिने घेतला.

नंतर तिने मला पेटीतली एक चांदीची वस्तू दाखवली. बाळाच्या पायातला वाळा. एकच. मी लहानपणापासून त्याबद्दल ऐकून होते, पण तपासाशी संबंध नाही म्हणून तुम्हाला लिहिले नव्हते. जोडीतला दुसरा वाळा आजोबांनी जाताना मुलीच्या पायातून काढून नेला. घरात सगळे म्हणत, पळून जायचे होते, वाटखर्चाला विकला असेल. माझ्या आजीने मरेपर्यंत हे ऐकले. आत्या म्हणाली, "शरयू, पळायचं असतं तर दोन्ही नेले असते ना गं."

बी. ए. झालेल्या बाईला हे सुचले नव्हते.

तुम्ही मला उत्तर द्या अथवा देऊ नका. तिने अजून औषध घेतलेले नाही. कालपासून जिना चढत नाही. पितृपक्ष २५ दिवसांवर आहे.

शरयू दळवी


बोरटेक
ता. २४ ऑगस्ट १९३८

ती. शरयूबाई यांस
सा. न.

मी खोटे लिहिले. तेच आधी सांगतो, म्हणजे पुढचे लिहायला हात चालेल.

ते घर माझेच आहे. आम्ही ढीवर. या घाटावर पिढ्यान्‌पिढ्या डोंगा चालवत होतो. विठोबा माझे पणजोबा. सगळ्यांत म्हातारे माणूस माझी आजी, जयाबाई, विठोबांची लेक. आजोबा घरजावई होते म्हणून आम्ही इथेच वाढलो. आणि वस्तूंचे विचारले तर, सगळ्या आहेत.

तुमचे पहिले पत्र आले त्याच दिवशी माझ्या घरी धाकट्या मुलीचे बारसे होते. आमच्याकडे प्रत्येक लेकराच्या पायात बारशाला एक वाळा घालतात, तीन महिन्यांनी काढून ठेवतात. त्याला शिपायाचा वाळा म्हणतात. घासून घासून तो आता कागदासारखा पातळ झाला आहे. पोरीच्या पायात तो वाळा, आणि माझ्या हातात तुमचे पत्र. तीन दिवस मी काही लिहू शकलो नाही. मग छताबद्दल लिहिले.

तुमची पहिली दोन पत्रे मी आजीला वाचून दाखवली नाहीत. तिसरे दाखवले. त्यात तुम्ही नुसते 'आत्या' लिहिले आहे, नाव नाही. वाळ्याचे ऐकल्यावर आजी उठून बसली. म्हणाली, "तिचं नाव अंजनी असंल." बाई, मी तिला नाव सांगितले नव्हते. घरात कोणालाच सांगितले नव्हते.

आता जे तिने सांगितले ते लिहितो. आजी तेव्हा पाच वर्षांची. डोंग्यात पाणी शिरते ते करवंटीने उपसायला विठोबा तिला सोबत नेत. त्या दिवशी दुपारी नदी चढलेली होती आणि डोंगा बांधून ठेवला होता. शिपाई आला. म्हणाला, उद्या हजेरी आहे, पलीकडे पोचव. विठोबा नाही म्हणाले. तो म्हणाला, "दादा, एक दिवस चुकला तर नाव कटतं. माझ्या बापाला तोंड कसं दाखवू?" पुष्कळ वेळ बसला, विनवण्या केल्या. पाऊस जरा उघडला तसा विठोबांनी डोंगा सोडला.

आजी पाणी उपसत होती. शिपायाने कमरेच्या गाठीतून वाळा काढून तिला दाखवला. ती म्हणते, त्याने सांगितले ते तिला जसेच्या तसे आठवते. "माझ्या अंजनीचा आहे. एक तिच्या पायात, एक माझ्या कमरेला. म्हणजे मला परत जावंच लागतं."

मध्यावर एक उपटलेले झाड वाहत आले आणि डोंग्यावर बसले. डोंगा कलला. आजी पाण्यात गेली. शिपायाने तिला धरले आणि त्या झाडाच्या मुळ्यांपर्यंत नेले. पुढचे तिच्याच शब्दांत लिहितो. "म्या त्याचा हात सोडला नाही. लोकं म्हणतात पोरगी घाबरली अन्‌ सुटला. म्या नाही सोडला. झाड दोघायचं वजन घेत नव्हतं. त्यानंच माझी बोटं एकेक करून सोडवली, मुळाले लावून देल्ली, अन्‌ गेला."

दुसऱ्या दिवशी खालच्या डोहात तो सापडला. वाळा गाठीतच होता. बोचके डोंग्यात अडकून राहिले होते.

आता आमचे पाप. विठोबांनी गावाबाहेर कोणाला सांगितले नाही. चढलेल्या नदीत डोंगा घालायची मनाई होती. गदर होऊन नऊच वर्षे झाली होती. सरकारी शिपाई आपल्या डोंग्यातून बुडाला म्हटल्यावर आपल्याला फासावर देतील, असे त्यांनी मनात धरले. त्यांनी आणि त्यांच्या भावाने मिळून त्याला काठावर अग्नी दिला आणि बोचके माळ्यावर ठेवले. बुडालेल्याचे पान चतुर्दशीला, म्हणून दर वर्षी त्या दिवशी पान वाढले. कामठीची छावणी इथून दीड कोस आहे. दीड कोस चालत जाऊन 'तो पळाला नाही' एवढे सांगितले असते, तर तुमच्या पणजोबांनी घडा फोडला नसता.

आणि माझे स्वतःचे. बोचक्यात रजेचा एक इंग्रजी कागद आहे. मी कामठीला इंग्रजी शिकायला लागलो, सतरा वर्षांचा होतो, तेव्हा तो वाचला; त्याला पंधरा वर्षे झाली. चिंतामणी दळवी, जबलपूर. मी वडिलांना, शालिग्रामांना, म्हटले, पत्र टाकू. त्यांनी कानाखाली वाजवली. म्हणाले, "पन्नास वर्षं जो फास पडला नाही तो तू आणून गळ्यात घालून राहिला?" ते वारले त्याला आठ वर्षे झाली. नंतर मला अडवणारे कोणी नव्हते. तरी मी लिहिले नाही. मुलांना मात्र रोज फळ्यावर लिहून देतो, खरे बोलावे.

डेप्युटी कमिशनरसाहेबांचे पाकीट टाकायचे असेल तर टाका. फक्त आजीचे वय पाहावे.

तुळशीराम


जबलपूर
ता. १ सप्टेंबर १९३८

तुळशीरामजी यांस
स. न. वि. वि.

आधी माझी चूक. मी भटजींना विचारले की चतुर्दशीला कोणाचे श्राद्ध करतात, पहिले उत्तर मिळाले तिथे थांबले आणि त्यावर एक खून रचला. परवा पूर्ण विचारले. शस्त्राने गेलेले, बुडालेले, जळालेले, विजेने आणि सापाने गेलेले, सगळे त्याच दिवशी जेवतात. अर्ध्या उत्तरावर निबंध लिहिणाऱ्या मुलीला मी दहापैकी तीन गुण देत असे. तुमच्या घरावर मी जो आरोप केला तो मागे घेते.

तुमचे पत्र मी आत्याला वाचून दाखवले. 'माझ्या अंजनीचा आहे' या ओळीपाशी तिने मला थांबवले आणि ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग आणखी एकदा. तिच्या वडिलांनी तिला नावाने हाक मारलेली तिने कधी ऐकली नव्हती. मग म्हणाली, "शरयू, ती बाटली आण." डोस घेतला आणि म्हणाली, "कालचाही दे."

मी सांगितले, औषध असे घेत नसतात.

"मग काय, दोन महिन्यांचं बाकी आहे माझं," ती म्हणाली.

संध्याकाळी श्यामसुंदर आला. तुमचे पत्र त्याने उभ्यानेच वाचले, नंतर बसून वाचले. चष्मा पुसला. म्हणाला, "ठीक आहे. यंदा चतुर्दशीला इथे पान वाढू."

आत्या म्हणाली, "इथे काहून? त्याला ठाऊक तरी आहे का इथे वाढतात ते? त्याची तिकडची सवय."

"आत्या, तिकडे म्हणजे ढीवरांच्या घरी. त्यांच्या पंगतीत आपण कसं—"

"माझा बाप बहात्तर वर्षं त्यांच्या घरी जेवला. तेव्हा तुझी पंगत कुठे गेली होती रे?"

काल श्यामसुंदरने कारखान्यात चार दिवसांच्या रजेचा अर्ज केला. आज मंजूर झाला, २४ तारखेला हजर व्हायचे आहे. या घरात रजेचा विषय निघाला की सगळे गप्प होत असत. आज आत्या हसली. म्हणाली, "पूल झाला आहे ना रे आता?"

तर आम्ही तिघे २१ तारखेला तुमच्याकडे येतो. शिवनीमार्गे मोटारीने. डॉक्टरांनी परवानगी दिली नाही. आत्याने ती मागितलीही नव्हती.

आता तुम्ही जे पाप म्हणालात त्याबद्दल. तुम्ही पंधरा वर्षे गप्प बसलात हे चुकीचेच झाले, ते मी बरोबर आहे असे म्हणणार नाही. पण तुमचे घर सरकारला भ्याले आणि आमचे घर लोकांना भ्याले. दोन भित्र्या घरांच्या मध्ये तो एक न भिणारा माणूस सापडला. त्यातून तुमच्या घराने निदान त्याला जेवू घातले. आम्ही घडा फोडला. मला कोणाला माफ करायचा अधिकार उरलेला नाही.

रजेचा कागद जपून ठेवा. त्याची नक्कल आणि जयाबाईंची जबानी मी पलटणीच्या दप्तराला पाठवणार आहे, 'हजर होण्यासाठी येताना बुडाला' अशी नोंद व्हावी म्हणून. ते उत्तर देतील, न देतील. नोंद होईपर्यंत मी दर महिन्याच्या एक तारखेला एक पत्र टाकत राहीन. मला आता दुसरे काम नाही.

डेप्युटी कमिशनरसाहेबांचे पाकीट आत्याने चुलीत घातले. त्यावरचे तिकीट आधी काढून घेतले.

शरयू


बोरटेक
ता. ९ सप्टेंबर १९३८

ती. शरयूताई यांस
सा. न.

पत्र पोचले. मोटार कन्हानच्या पुलापलीकडे थांबते. मी बैलगाडी घेऊन सकाळपासून उभा राहीन. आत्याबाईंसाठी गाडीत गादी घालतो. पुलावरून येताना डावीकडे पाहा. जिथे बाभळी दिसतात तिथे जुना घाट होता.

आजी रोज विचारून राहिली आहे, "ते जबलपूरवाले मले काय म्हणतील?" मी म्हणतो, काही म्हणणार नाहीत. ती म्हणते, "म्हनू दे. म्या ऐकून घेईन." पण काल तिने दोन वेळा घर सारवून घेतले आणि सुनेवर ओरडली की कढीत गोळे बरोबर पडत नाहीत, शिपायाची लेक येऊन राहिली आहे.

माळ्यावरचे बोचके काढून उन्हात ठेवले आहे. अंगरख्याला हात लावला की पीठ होते, म्हणून तो काठावरच नदीला दिला. बाकी सगळे आहे. वाळा धुऊन ठेवला आहे. तो तुमचा. पोरीच्या पायातून काढताना माझी बायको जरा थांबली, एवढेच.

शाळेला चतुर्दशीची सुटी मी दर वर्षी 'स्थानिक कारण' म्हणून लिहितो. यंदा नाव लिहिणार आहे.

तुळशीराम


बोरटेक
भाद्रपद वद्य चतुर्दशी, ता. २२ सप्टेंबर १९३८

आज रोजी जयाबाई यांच्या घरी जे दिले-घेतले त्याची ही नोंद. लिहिणार शरयू दळवी. वाचून दाखवली तुळशीराम नागपुरे यांनी.

रजेचा कागद एक, इंग्रजी, खालचा कोपरा पाण्याने गेलेला, नाव व तारीख स्वच्छ वाचता येतात. दिला. श्यामसुंदर दळवी यांनी घेतला. घेताना उभे राहिले.

पितळी गुंड्या पाच. सहावी कित्येक वर्षांपूर्वी शालिग्राम लहान असताना त्यांनी गिळली होती, नंतर मिळाली नाही, असे जयाबाई सांगतात. पाचही दिल्या.

पट्ट्याचे बक्कल एक. दिले.

पितळी तांब्या एक. देऊ केला. चतुर्दशीचे पाणी दर वर्षी याच तांब्याने वाढतात असे कळल्यावर अंजनीबाईंनी घेतला नाही. तो इथेच राहील.

पान एक, कढीगोळे, वडे, भाजी व खिरीसह. श्यामसुंदर दळवी व तुळशीराम नागपुरे यांनी दोघांनी मिळून वाढले. नाव मोठ्याने घेतले. या घरात ते नाव पहिल्यांदा घेतले गेले, आमच्या घरातील माणसाने बहात्तर वर्षांनी घेतले. नंतर सर्व जण एका पंगतीत जेवले. श्यामसुंदर यांनी कढी दोनदा घेतली.

जयाबाईंची जबानी एक, पाच पाने. दिली. जबानी संपल्यावर जयाबाईंनी उजव्या हाताची बोटे पुढे केली आणि त्याने ती कशी सोडवली ते अंजनीबाईंच्या हातावर करून दाखवले. ही गोष्ट कागदावर घेता आली नाही.

वाळा एक, चांदीचा, फार झिजलेला. जयाबाईंनी अंजनीबाईंच्या हातात दिला. अंजनीबाईंनी तो गालाला लावला. मग विचारले, "किती लेकरांनी घातला?" जयाबाई म्हणाल्या, एकोणतीस. तेव्हा अंजनीबाईंनी पिशवीतून आपला वाळा काढला आणि म्हणाल्या, "एका पायात घालून पोरगी चालायची कशी?"

उलट दिला: वाळा एक, चांदीचा, न झिजलेला, जबलपूरचा.

दोन्ही वाळे तुळशीराम यांची धाकटी मुलगी, वय पावणेतीन महिने, हिच्या पायांत घालण्यात आले. जोडी बोरटेकला राहील.

वरील सर्व बरोबर आहे.

जयाबाई, डाव्या हाताचा अंगठा
तुळशीराम नागपुरे
श्यामसुंदर दळवी
शरयू दळवी
अंजनी, चिंतामणी शिपायाची मुलगी (सही स्वतः केली)